छोट्या देशातलं बघण्यासारखं

लक्झेंबर्गला बघण्यासारखं काय आहे, हे सावेडीत आमच्या गल्लीत कुणाला जाणून घ्यायचं असेल तर लोक माझ्याकडे येतात. मी सांगते. डोंगरावरचे किल्ले आहेत, शहराच्या मधोमध खोल दरी आहे, खडकाच्या पोटात खोदलेले बोगदे आहेत, जंगलात शेवाळलेल्या शिळा आहेत. देश एवढासा. आमच्या नगर जिल्ह्यात तसले सहा मावतील. पण जे आहे ते झाडून-पुसून ठेवलेलं. माझा मुलगा तिथे नोकरीला आहे. गेल्या वर्षी मे महिन्यात त्याने आम्हा दोघा नवरा-बायकोला बोलावून घेतलं आणि सगळा देश दाखवला. स्वतःचं घर तेवढं दाखवलं नाही.

घर घेतल्याचं त्याने फोनवर सांगितलं होतं, तेव्हापासून माझं एकच मागणं होतं. त्याच्या ओट्याशी उभं राहून एकदा दोन भाकरी थापायच्या आणि त्या त्याने तव्यावरून थेट ताटात घ्यायच्या. घर पाहावं बांधून म्हणतात. याने बांधलं नाही, विकत घेतलं, तरी माझ्या मुलाचं घर होतं ते. म्हणून बॅगेत बाजरीचं पीठ, काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी आणि साडीत गुंडाळलेला तवा भरला. हे म्हणाले, "तिकडं तवं मिळत न्हाईत व्हय?" मी म्हटलं, मिळत असतील, पण हात बसलेला कुठून मिळणार?

विमानतळावरून गाडी निघाली ती थेट एका हॉटेलापाशी थांबली. मला वाटलं, चहा घ्यायला थांबलाय. त्याने डिकीतून आमच्या बॅगा काढल्या.

"आई, तुम्हाला इथे मोकळं वाटेल," तो म्हणाला. "आमचं घर लहान आहे. शिवाय हिच्या दिवसभर मीटिंगा असतात, घरातूनच. इथे सगळे असंच करतात."

संध्याकाळी सून आली. वाकून नमस्कार केला, माझ्यासाठी उबदार शाल आणली होती, जेवायला नेलं तिथे प्रत्येक पदार्थात काय असतं ते समजावून सांगितलं. सून वाईट असती तर बरं झालं असतं, राग कुठे ठेवायचा ते तरी कळलं असतं. खोलीत पाणी तापवायची एक किटली होती. तिच्यात भाकरी होत नाही.

दुसऱ्या दिवसापासून बघणं सुरू झालं. मुलाने रजा काढली होती, हे मी नाकारत नाही. त्या देशात बस फुकट. आमचे हे जन्मभर एसटीत कंडक्टर. बिनतिकिटाचा प्रवास म्हणजे यांच्या अंगावर काटा. प्रत्येक थांब्याला दाराकडे बघायचे.

"अण्णा, इथे सगळ्यांनाच फुकट आहे," मुलगा समजवायचा.

"फुकट हाय ते कळलं रं," हे म्हणाले, "पन कुनीतरी विचाराया पायजेल का न्हाई, कुठनं आलात, कुठं चाललात म्हनून."

एका किल्ल्यात जुनं स्वयंपाकघर मांडून ठेवलेलं होतं. ही एवढी चूल, टांगलेली भांडी. मुलगा कौतुकाने सांगत होता, इथे सरदारांचा स्वयंपाक व्हायचा, इथून धूर जायचा. मला ऐकवेना. मी सरळ म्हटलं, "मेलेल्या सरदारांचं स्वयंपाकघर बघून झालं. तुझं कधी दाखवतोस?"

तो फोनमध्ये पुढच्या बसची वेळ बघत होता. "जाऊ ना आई. शेवटच्या दिवशी जाऊ."

मग मी काही विचारलं नाही. धबधबा बघितला, त्यावरचा दगडी पूल बघितला, त्या पुलावर उभं राहून दात दाखवत फोटो काढून घेतले. गल्लीत ते फोटो बघून बायका म्हणतात, तुम्ही किती खूश दिसताय.

शेवटच्या दिवशी सून ऑफिसच्या कामाने बाहेरगावी होती आणि आम्हाला निघायला उशीर झाला. पीठ, मसाला, चटणी मी हॉटेलच्या खालच्या सोफ्यावर बसून त्याच्या हातात दिली, एसटी स्टँडवर पार्सल देतात तशी. विमानतळाकडे जाताना एका वळणावर त्याने गाडी जराशी हळू केली आणि बोट दाखवलं. "ते बघा, तिसरा मजला. करड्या कठड्याची बाल्कनी. ते आमचं."

"थांबव ना जरा."

"इथे गाडी थांबवता येत नाही आई."

बाल्कनीत एक खुर्ची होती आणि वाळत घातलेला त्याचा निळा शर्ट. कठडा या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेला. घर लहान नव्हतं. हे मान वळवून काचेतून मागे बघत राहिले, इमारत दिसेनाशी झाली तरी.

नगरला आल्यावर समोरच्या वहिनींनी पहिला प्रश्न तोच केला, "लेकाचं घर कसं हाय वो?" मी म्हटलं, छान आहे, बाल्कनीत ऊन येतं. खोटं बोलले नाही.

गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. नाताळच्या सुट्टीत दोघं येताहेत. त्याची खोली रंगवायची हे माझ्या मनात तिथल्या तिथे ठरूनसुद्धा गेलं. तोवर तो पुढे म्हणाला, "आई, आम्ही हॉटेलात उतरतो. या वयात तुम्हाला उगाच त्रास नको. फक्त तिकडचं बघण्यासारखं काय आहे ते सांग. हिने आपला भाग नीट पाहिलेलाच नाही."

मी सांगितलं. भुईकोट किल्ला बघ. चांदबीबीच्या महालावर संध्याकाळी जा, तिथून सगळं नगर दिसतं. भंडारदरा, पुढे रतनवाडीचं देऊळ. रेहेकुरीला काळवीट. तो लिहून घेत होता आणि "अजून?" म्हणत होता.

"अजून, वेळ उरलाच तर सावेडीत एक घर आहे," मी म्हटलं. "दोन म्हातारी माणसं राहतात तिथे. बाहेरून दाखवलंस तरी चालेल."

तो हसला. "काय आई तूपण," म्हणाला आणि चांगलं हॉटेल कुठलं ते विचारलं.

यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि त्याला दोन हॉटेलांची नावं सांगितली, कुठल्याला पाणी चोवीस तास असतं तेही सांगितलं. फोन ठेवून माझ्याकडे न बघता म्हणाले, "येतूय ना पन. मग झालं."

त्या घडीला मला मुलापेक्षा यांचाच राग जास्त आला.