वर्ग बंद करणारे मास्तर

आमच्या बिस्किटांच्या कारखान्यात मास्तर म्हटलं की एकच माणूस. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नाही, पण नवीन लागलेल्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी त्यांच्यासमोर बसावं लागायचं, म्हणून मास्तर. मी पॅकिंगला. पट्ट्यावरून बिस्किटं येतात ती पुड्यात आणि पुडे खोक्यात, यातच माझी हयात गेली. मला सगळे मावशी म्हणतात. मास्तरही म्हणतात. माझ्याहून जेमतेम दोन-तीन वर्षांनी लहान, डोक्यावर माझ्याहून कमी केस, आणि मला मावशी! कितीदा सांगितलं, अहो, मी तुमची मावशी कुठून झाले? तर म्हणायचे, सगळ्यांची आहात, मग मी एकट्याने काय घोडं मारलंय?

त्यांचा वर्ग फाटकाशेजारच्या खोलीत भरायचा. बाकं, एक फळा आणि कोपऱ्यात चहाची किटली. हात कसे धुवायचे, केस टोपीत कसे कोंबायचे, अंगठी-घड्याळ कुठे काढून ठेवायचं, पट्टा अडकला तर आधी काय बंद करायचं, हे सगळं ते सांगायचे. पण खरं सांगू का, अर्धा वेळ त्यांच्या चौकश्यांतच जायचा. गाव कोणतं, घरी कोण कोण, इतक्या लांबून येतोस कसा, सकाळी पोटात काही घालून निघतेस की नाही. पहिल्या दिवशी माणूस भेदरलेला असतो. त्याला कारखान्यात ओळखीचं झालेलं पहिलं तोंड मास्तरांचं. त्यामुळे बाजारात मास्तर निघाले की चार पावलांवर कोणी ना कोणी हाक मारायचंच. स्वतःहून बोलायला जाणारा माणूस नव्हे तो. पण कोणी हाक मारली की चेहरा असा उजळायचा की बघणाऱ्यालाच बरं वाटावं.

कारण घरी त्यांना हाक मारणारं कोणीच नव्हतं. आई वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेली. तिच्या आजारपणात लग्नाचं पुढे पुढे ढकललं, आणि ती गेली तोवर लग्नाचं वयही गेलं. धाकटी बहीण परमुलखात. ती फोन करते, पोरांना फोनवर उभं करते, मामाशी बोल म्हणते, आणि पोरांना मामाशी काय बोलायचं ते कळत नाही. मास्तरांनाही कळत नाही. टायरच्या दुकानावर दोन खोल्या, त्यात हा एकटा जीव. सुटीच्या दिवशी काहीतरी निमित्त काढून फाटकापर्यंत येतात, छत्री राहिली म्हणतात, चष्मा राहिला म्हणतात, हे मला वॉचमनने सांगितलं. मी एकदा सरळ विचारलं तर म्हणाले, घर खायला उठतं हो, मावशी. इतकं सरळ बोलले की मलाच तोंड फिरवावं लागलं.

तर अशा माणसाचा तो वर्ग होता. बाकी त्यांच्याकडे काहीच नव्हतं, एवढं लक्षात ठेवा म्हणजे पुढचं कळेल.

मग वर ऑफिसात नवीन मॅनेजर आले. त्यांनी फर्मान काढलं की शिकवणाऱ्या माणसाकडे शिकवण्याची पदवी पाहिजे, नसेल तर त्याने पूर्वीच्या जागी, म्हणजे गोदामात जावं. गोदामात मैद्याची पोती आणि साखरेची पोती. बोलायला पोतीच. मास्तरांचं धाबं दणाणलं. शोधता शोधता त्यांना एका विद्यापीठाचा ऑनलाइन अभ्यासक्रम सापडला, थेट एम.ए.चा. कामाच्या जागी माणसांना शिकवायचं कसं, त्याची आखणी कशी करायची, हा विषय. मी म्हटलं, अहो, जन्मभर तेच तर करताय. म्हणाले, हो, पण ते मला येतं हे मॅनेजरला कागदावर दिसायला हवं ना. कंपनीने परवानगी दिली, अट एकच घातली की शेवटचा प्रकल्प आमच्याच कारखान्यावर करायचा आणि आम्हाला वाचायला द्यायचा. मास्तर आनंदाने हो म्हणाले. वर्ग वाचवायचा होता ना.

त्यांच्या अभ्यासाचा थाट मी एकदाच पाहिला. कसल्याशा असाइनमेंटसाठी एखाद्याला त्याला न येणारी गोष्ट शिकवायची होती आणि ते रेकॉर्ड करून पाठवायचं होतं. मला रविवारी घरी बोलावलं. तुमच्या ओळखीत दुसरं कोणी नाही का, असं मी बोलून गेले आणि मग जीभ चावली. त्यांनी मला फोनमधला फोटो मेलने पाठवायला शिकवलं. माझ्यासारख्या ठोंबीला पहिल्या फटक्यात जमलं, म्हणजे बघा किती छान शिकवलं असेल. तेवढ्यात त्यांच्या वर्गाची वेळ झाली. मी पलंगावर, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी बसले.

दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. मला वाटलं, समोर आता निम्मं जग असणार. पडद्यावर पाहते तर काळे चौकोन. एका चौकोनात बाई, म्हणजे त्यांच्या प्राध्यापिका, एका चौकोनात आमचे मास्तर, बाकी सगळा अंधार. बाईंनी प्रश्न विचारला की कोणी बोलायचं नाही, मग मास्तर बोलायचे. काही शंका आहेत का, म्हटलं की मास्तरांना हमखास शंका यायची. मला त्यातलं अक्षर कळलं नाही, पण एवढं कळलं की त्यांना शंकाबिंका काही नव्हती, त्यांना बाईंना थोडं थांबवून ठेवायचं होतं. वर्ग संपला. चौकोन एकेक करून पटापट गेले. मास्तर शेवटपर्यंत थांबले, बाईंना थँक यू म्हणाले, पण बाईही तोवर गेलेल्या.

मग माझ्याकडे वळून उत्साहाने सांगायला लागले. त्यांच्या वर्गातली एक मुलगी विमानात काम करणाऱ्यांना शिकवते. एक जण मोठ्या दवाखान्यात नर्सेसना शिकवतो, फार हुशार आहे. मी विचारलं, पाहिलंय का कधी त्यांना?

"पाहिलं नाही. पण त्या मुलीचा आवाज फार छान आहे, मावशी."

चहा घ्यायचा राहिलाय म्हणून मी उगाच आरडाओरडा केला आणि वेळ मारून नेली.

दुसऱ्या वर्षी तो शेवटचा प्रकल्प आला. आपल्या वर्गाने माणसं किती तयार होतात ते दाखवून द्यायचं, असं मास्तरांनी ठरवलं होतं. बाईंनी विचारलं, तयार होतात हे तुम्हाला कशावरून कळतं? मास्तर म्हणाले, वर्ग झाल्यावर लगेच परीक्षा घेतो, सगळे पास होतात. बाई म्हणाल्या, ते दुपारपर्यंत लक्षात राहिलं एवढंच त्यातून कळतं. महिन्याभराने जा, त्यांना काम करताना बघा, आणि त्यांच्याशी बोला.

मास्तर गेले. हातात टॅबलेट घेऊन आमच्या पट्ट्याशेजारी दिवसच्या दिवस उभे राहिले. आणि जे दिसलं त्याने हबकलेच. त्यांनी वर्गात शिकवलेलं कोणाच्याही हातात उतरलं नव्हतं. जो तो शेजारच्याचं बघून करत होता. शेजारी नीटनेटका मिळाला तर काम नीट, शेजारी गबाळा मिळाला तर आनंदीआनंद. मग त्यांनी एकेकाला बाजूला घेऊन विचारलं, वर्गातलं तुला काय आठवतं? एक म्हणाला, तुम्ही मला दोनदा चहा दिला होता. एकीने सांगितलं, माझ्या वडिलांच्या ऑपरेशनचं तुम्ही विचारलं होतं. आणखी एक म्हणाली, त्या दिवशी मी पळूनच जाणार होते, पण तुम्ही हसवलंत म्हणून राहिले.

हे मला सांगताना मास्तरांना काय करू आणि काय नको असं झालं होतं. हसत होते, डोळे पुसत होते. मग म्हणाले, पण मावशी, हात कोणीच नीट धूत नाही.

मला धोका लगेच दिसला. मी काही शिकलेली बाई नाही, पण कंपनी ओळखते. जेवणाच्या सुटीत त्यांना गाठलं आणि सांगितलं, हे असलं काही लिहू नका. थोडं इकडचं तिकडे करा. बाईंना काय स्वप्न पडणार आहे?

"हे लिहून दिलंत तर ते तुमचा वर्ग बंद करतील, मास्तर."

"करतील."

"मग? स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेणार? गोदामात जाऊन पोत्यांशी बोलणार?"

त्यांनी डबा बंद केला. म्हणाले, "शिकवायचं कसं याची पदवी घेतोय मी. ती घ्यायला खोटं लिहू? अहो, उद्या त्या पट्ट्यात कोणाचा हात गेला तर?"

मी चिडले. काय करायचं ते करा, मला काय, असं म्हणून उठून गेले. नाकासमोर चालणाऱ्या माणसाचा मला कधी कधी भारी संताप येतो. त्याला धरून गदागदा हलवावं असं वाटतं. आणि हलवून तरी काय, तो बरोबरच बोलत होता.

त्यांनी सगळं खरं लिहिलं. वर्ग बंद करावा, नव्या माणसाला फाटकापाशी छोटे छोटे धडे टॅबलेटवर दाखवावेत आणि मग लगेच पट्ट्यावर एका चांगल्या शेजाऱ्याच्या हाताखाली द्यावं, हेही स्वतःच सुचवलं. चांगले शेजारी कोण, तेही लिहिलं. त्यात मी. विद्यापीठाने त्यांना वरच्या श्रेणीत पास केलं, आणि पदवी घरी कुरियरने आली. मॅनेजरांनी प्रकल्प वाचला आणि महिन्याच्या आत वर्ग बंद. खोलीत आता रिकामी खोकी रचलेली असतात. मास्तरांना गोदामात मात्र पाठवलं नाही हं, उलट बढती दिली. वरच्या मजल्यावर टेबल, कॉम्प्युटर, काचेचं दार. तिथे बसून ते धडे तयार करतात. धड्यांत आवाजसुद्धा त्यांचा नाही, कुठल्याशा स्टुडिओतल्या बाईचा आहे. मास्तरांचा आवाज म्हणे फार घरगुती वाटतो.

आणि सांगताना मला अजून राग येतो, पण हे सगळं चाललं. झकास चाललं. माझ्या हाताखाली आलेली माणसं चार दिवसांत तयार व्हायला लागली. हात धुतात तर असे धुतात की बघत राहावं. पट्टा अडकला की गोंधळ नाही, आरडाओरडा नाही. एखादी गोष्ट फसली असती तर मी पहिली वर जाऊन भांडले असते, वर्ग परत सुरू करा म्हणून. पण फसलं काहीच नाही, त्यामुळे भांडायलाही जागा राहिली नाही. बाजारात मास्तरांना हाका मारणारी जुनी माणसं होती, त्यांतली काही सोडून गेली, काही निवृत्त झाली. नवीन कोणी त्यांना ओळखतच नव्हतं. ओळखणार कुठून?

मागच्या आठवड्यात ते खाली आले. धडे नीट उतरलेत का ते बघायला अधूनमधून यायचं असतं त्यांना. ऑफिसच्या माणसांना खाली येताना पाहुण्यांचा पांढरा कोट देतात, आमचा निळा. पांढरा कोट घालून, टोपी डोळ्यांवर आलेली, मास्तर जमिनीवरची पिवळी रेघ ओलांडून माझ्याच पट्ट्याकडे येत होते. माझ्या शेजारी एक नवीन मुलगी होती, जेमतेम आठवडा झालेली. तिने हातातलं काम मला नजरेने सोपवलं, पुढे झाली आणि हात आडवा धरला.

"काका, इथे बाहेरच्या माणसांना यायला परवानगी नाही. रेघेच्या मागे थांबा."

धडाच आहे तसा. अनोळखी माणूस रेघेच्या आत दिसला तर लाजू नका, दमदाटी करू नका, थांबवा. लिहिलाय मास्तरांनीच. मास्तर दोन पावलं मागे सरले, रेघेच्या पलीकडे गेले. चेहऱ्यावर राग नाही, काही नाही. उलट खूश. अगदी बरोबर केलंस, म्हणाले. आणि मग राहवलं नाही त्यांना, जरा पुढे वाकून विचारलं, गाव कोणतं गं तुझं?

"पट्टा चालू असताना बोलायचं नाही, काका," ती म्हणाली. उर्मटपणे नाही हो, चांगल्या मऊ आवाजात म्हणाली. तो दुसरा धडा.

तेवढ्यात सुटीचा भोंगा झाला आणि पट्टा थांबला. माझा पारा चढलेला. मी तिचा दंड धरून तिला रेघेपाशी नेलं आणि झापलंच. अगं बये, बाहेरचे म्हणतेस कोणाला? हे मास्तर आहेत. तुला जे जे येतं ते सगळं यांनी शिकवलंय. पोरगी गोरीमोरी झाली. एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. तिला खरोखरच समजत नव्हतं.

"पण मावशी," ती म्हणाली, "मला तर तुम्ही शिकवलंत."

मी मास्तरांकडे बघितलं. ते मान हलवत होते. खरंय तिचं, म्हणाले, आपल्याला हेच हवं होतं. टॅबलेटवर काहीतरी टिपलं, पोरीला शाबास म्हणाले आणि निघाले. बाकीचे सगळे डबे उघडून बसले होते. त्यांच्या शेजारून मास्तर दारापर्यंत गेले, आणि एकानेही मान वर करून पाहिलं नाही.