स्वीडनचा सरदार आणि तिचे काका

माझं लग्न स्वीडनच्या एका सरदाराने जमवलं. त्याचं डोकं धडावेगळं होऊन तेव्हा चारशेहून जास्त वर्षं झाली होती, तरी काम चोख केलं त्याने. पुण्यातल्या धडधाकट डोक्यांच्या वधूवर मंडळांना ते जमलं नव्हतं.

लोक म्हणतात, मी थापा मारतो. साफ खोटं. घडलेली गोष्ट उपाशीपोटी पुढे पाठवणं मला प्रशस्त वाटत नाही, म्हणून तिचा थोडा पाहुणचार करतो, इतकंच.

तेव्हा मी सिंगापूरमध्ये वन-नॉर्थला एका सॉफ्टवेअर कंपनीत होतो आणि वुडलँड्सला भाड्याच्या खोलीत राहत होतो. खोली एवढी ऐसपैस, की कूस बदलायची तर आधी दार उघडावं लागे. गणपतीत मराठी मंडळींच्या कार्यक्रमात ती भेटली. इथल्याच युनिव्हर्सिटीत पीएच.डी. करत होती. कुणीतरी विषय विचारला. "सोळाव्या शतकातल्या एका स्वीडिश सरदाराचं राजकारण," ती म्हणाली, आणि तिच्याभोवतीची गर्दी अशी पांगली, जणू तिने वर्गणीचं पावतीपुस्तक काढलं होतं. उरलो मी एकटा.

"स्वीडनसाठी सिंगापूर?"

"गाइड इथे आहेत. शिवाय मला थंडी सोसत नाही."

या उत्तरावर मी जागच्या जागी विरघळलो. इथल्या उकाड्यात विरघळायला वेळही लागत नाही म्हणा. त्यानंतर आम्ही जिथे जिथे फिरलो, तिथे तो सरदार आमच्यामधून चालायचा. मला त्याची दाढी, त्याचे सासरचे, त्याची कर्जं, सगळं पाठ झालं. आमच्या टीम लीडची मुलं किती, हे मात्र मला आजही माहीत नाही.

शेवटी मी लग्नाचं विचारलं. ती म्हणाली, "माझं हो आहे. पण काकांनी नाही म्हटलं, तर मी करणार नाही. हे आत्ताच सांगते."

तिचे वडील ती लहान असतानाच गेले. धाकट्या काकांनी थोरल्या भावाचं घर, विहीर, शेत आणि मुलगी, सगळं सांभाळलं. स्वतःचं लग्न राहूनच गेलं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले हे गृहस्थ मला पाहायला कराडहून सिंगापूरला आले. विमानातून उतरले ते पाण्याची टाकी तपासायला आल्यासारखे.

"कमी बोल," तिने मला बजावलं. "निदान आज तरी."

मी त्यांना हार्बरफ्रंटला फेरी बोटी दाखवल्या. बोटींविषयी मी अगदी मोजकं बोललो, तासभरच. मग आम्ही जवळच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या छपराखालच्या खाऊगल्लीत, प्राटा नावाचा इथला पराठा डाळीबरोबर खायला बसलो. काकांनी पहिला घास चावून चावून खाल्ला आणि विचारलं, "हिच्या त्या सरदाराचं नेमकं काय झालं हो? ही मला फोनवर कधी धड सांगतच नाही."

ती का सांगत नसेल, असा प्रश्न शहाण्या माणसाला पडला असता. टेबलाखाली माझ्या नडगीवर लाथ बसली. मला वाटलं, सुरुवात कर म्हणतेय.

मी बाह्या सरसावल्या. प्राट्याची ताटली म्हणजे स्वीडन. डाळीची वाटी म्हणजे पोलंड. मध्ये थोडा चहा सांडून समुद्र केला. "राजा गेला, मुलगा गादीवर आला. पण तो आधीच पोलंडचाही राजा! म्हणून तो इकडे वाटीत जाऊन बसला, आणि मागे ताटलीत कारभार बघायला कोण? काका!"

पुण्यात वाढलेल्या माणसाला काका-पुतण्याचं भांडण शिकवावं लागत नाही. माझी गाडी सुटली. हळूहळू सगळं गिळणारा काका. गोड बोलून किल्ले घेणारा काका. घुबडासारखे डोळे आणि पोत्यासारखं पोट असलेला काका. पोट मी पदरचं घातलं होतं. "आपला सरदार पुतण्याशी इमान राखून राहिला. पुतण्या सैन्य घेऊन आला, हरला, आणि आपल्याच सरदारांना काकाच्या हवाली करून वाटीत परत गेला. मग खटला. फिर्यादी काका! न्यायाधीश काकानेच बसवलेले! म्हणाला, चूक कबूल करा, जीव वाचवा. काहींनी केली. आपल्या गड्याने नाही केली. खाडकन मान उडवली त्या हरामखोर काकाने. काका, डाळ घ्या ना अजून."

डाळीची वाटी माझ्या हातात तशीच राहिली. काकांनी हातातला घास खाली ठेवला होता. ती वरचा पंखा बघत होती.

"म्हणजे काका नालायक," काका म्हणाले.

"कुठले?"

"तुमचे. स्वीडनचे."

माझ्या मानेवरून घामाची नदी निघाली ती बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला, जोहोरच्या खाडीपर्यंत पोचली असेल.

"पुतण्या समुद्रापलीकडे जाऊन बसला," काका सुरू झाले. "इकडे सारा कोणी गोळा करायचा? छप्पर गळलं तर तो पोलंडहून येणार होता कौलं बदलायला? मागे राहून खस्ता कोणी खाल्ल्या? आणि वर शिव्या त्यालाच!" शेजारच्या टेबलावरची चिनी आजीसुद्धा खायची थांबली. "आता नीट विचार करून सांगा. काका बरोबर की चूक?"

सुटका समोर होती. "बरोबर" म्हणायचं, प्राटा संपवायचा, लग्नाची तारीख काढायची. माझ्यासारख्याला ते पाणी पिण्याइतकं सोपं. मी तिच्याकडे बघितलं. ती आता पंख्याकडे बघत नव्हती. उमेदीची वर्षं तिने त्या एका मान न झुकवणाऱ्या माणसापायी घातली होती, आणि तिच्यादेखत मी त्याला चहात बुडवणार होतो.

"चूक," मी म्हणालो. आयुष्यातलं माझं पहिलंच एकशब्दी उत्तर. "त्याने सांभाळायचं होतं, काका. बळकावायचं नव्हतं."

काकांनी डाळीची वाटी माझ्या हातातून घेऊन खाली ठेवली. मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "भाऊ गेला तेव्हा वहिनी म्हणाली होती, भावजी, जमीन तुमच्या नावावर करून घ्या, मला झेपत नाही. गावानेही तेच सांगितलं. नाही केली. अजून सातबारा या मायलेकींच्याच नावावर आहे." त्यांनी समुद्रातला चहा कागदाने पुसून टाकला. "तरी तुमचा तो पुतण्या आळशीच."

"आळशी होताच," मी म्हणालो. हे मात्र मनापासून.

"हा थापा किती मारतो गं?" त्यांनी तिला विचारलं.

"पोट भरून."

"मान अडकली होती तेव्हा नाही मारली." त्यांनी घास पुन्हा उचलला. "अरे, बघत काय बसलास? अजून एक प्राटा सांग. आणि दिवाळीला घरी ये, हा वाद अर्धा राहिलाय."

तो अजूनही अर्धाच आहे. दर रविवारी सकाळी कराडहून फोन येतो, आणि काका स्वीडनच्या काकाची बाजू नव्याने मांडतात. मी हरतो, भांडतो, पुन्हा हरतो. वडील माणसाने इतक्या हक्काने आपल्याशी भांडावं, हे सुख मला माझ्या घरी फारसं मिळालं नव्हतं. फोन ठेवल्यावर ती आतून विचारते, "आज काय म्हणाले?" मग मी तिला सगळं सांगतो, त्यांनी न म्हटलेलंसुद्धा.