सुपातले खडे

वर्तमानात जगायला शिकायचं म्हणून मी मळवलीला दोन दिवसांसाठी बंगला घेतला. त्यासाठी ऑफिसात तीन महिने आधीच रजा टाकून ठेवली होती. सोबत ध्यानाची खास उशी होती, आणि मोबाइलवर दर अर्ध्या तासाला घंटा वाजवून श्वासाची आठवण करून देणारं ॲप.

बंगला सांभाळणाऱ्या मावशी पडवीत तांदूळ निवडायला बसल्या. आधी त्यांनी सूप कपाळाला लावलं, मग त्यांचं बोट दाण्यांतून सावकाश फिरत राहिलं. मोबाइलची घंटा वाजली तेव्हा मी दचकलो. त्यांनी मानही वर केली नाही.

"मावशी, निवडताना तुमच्या मनात काय असतं हो?" मी विचारलं. काहीतरी खोल ऐकायला मिळणार म्हणून वहीसुद्धा उघडली होती.

"खडं," त्या म्हणाल्या.

मी ते वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मी सूप मागून घेतलं आणि अर्धवट डोळे मिटून, श्वास मोजत उरलेले तांदूळ निवडले. स्वतःवर मी भलताच खूश होतो.

भात शिजेपर्यंत मावशी भिंतीशी हाताची उशी करून आडव्या झाल्या, आणि डुलकी काढून ताज्यातवान्या उठल्या. माझी उशी अजून पिशवीतच होती.

जेवताना पहिल्याच घासाला दाढेखाली कचकन खडा आला.

मावशींनी वाढता वाढता माझ्या तोंडाकडं पाहिलं.

"दादा," त्या म्हणाल्या, "निवडताना तुमच्या मनात काय व्हतं?"