दगडूचा जन्मदाखला

मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली आणि आम्हा शिक्षकांकडे जन्माचे दाखले मागितले गेले. मी बऱ्हाणपूरच्या नगरपालिकेत गेलो. जुन्या वह्या सांभाळणारा कारकून म्हातारा होता, कानात अत्तराचा फाया. प्रत्येक पान उलटण्याआधी तो बोटं धोतराला पुसायचा.

जन्माच्या वहीत तेव्हा बापाचं नाव आणि पुढे नुसतं 'मुलगा' एवढंच असे, कारण नोंद बारशाच्या आधीच व्हायची. माझ्या वडिलांच्या नावावर तीन मुलगे निघाले. मी तर एकुलता एक. मला वाटलं, त्याच नावाचा आणखी कोणी असेल.

"तुमचं नाव काय, गुरुजी?"

"दगडू."

त्याने जन्माची वही तशीच उघडी ठेवली आणि मरणाची काढली.

"मी जिवंत आहे," मी म्हणालो.

"ते दिसतंय ना. पण पहिलेची पोरं गेल्याशिवाय कोणी पोराचं नाव दगडू ठेवत नाही. गेलेले बाद करू, उरेल तो तुम्ही."

त्याला दोन नोंदी सापडल्या. एक पाच महिन्यांचा, दुसरा दीड वर्षाचा, दोघेही तापाने गेलेले. जन्माच्या वहीतल्या त्यांच्या ओळींवर त्याने दोन बोटं ठेवली आणि तिसरी ओळ मला वाचायला सांगितली.

दाखला घेऊन मी घरी आलो. आई जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांची घागर भरताना ती शेजारी दोन लहान तांबे भरून ठेवायची. ते कोणाचे, हे मी कधी विचारलं नव्हतं.