पोटातल्याला हात कुठं?

नाटक कंपनीत असताना मी सासवा केल्या. नायिका होण्यासारखं रूप नव्हतं. आवाज मात्र शेवटच्या रांगेतल्या माणसाच्या छातीत जाऊन बसायचा. त्यामुळं ऐन तारुण्यात माझ्या केसांना पांढरी पावडर लागली ती कायमची. माळेगावची जत्रा असो, उदगीर असो, देगलूर असो, जिथं आमचा तंबू पडला तिथं बायकांनी मला पोटभर शिव्या घातल्या. देगलूरला तर एकीनं चप्पल फेकली होती. ती चप्पल मी बरीच वर्षं रंगाच्या पेटीत जपून ठेवली, कारण एवढी मनापासूनची दाद मला पुन्हा मिळाली नाही. सांगायचा मुद्दा असा, की सासू म्हणजे काय हे आपल्याला कळतं अशी माझी समजूत होती. ती जगदेवीनं मोडली.

जगदेवीचं उदगीरात मिरची कांडप आहे. खाली तिचा डंका, म्हणजे मिरची कुटायचं मशीन, धडधडतो आणि वरच्या खोलीत मी राहते. मिरचीच्या धुराळ्यानं तिचे डोळे कायम लाल असतात. नवीन माणसाला वाटतं, बाई रडून आली आहे, नाहीतर भांडून. खरं म्हणजे दोन्ही नाही. नवरा गेल्यावर दिरानं, गुरुपादप्पांनी, डंका विकून टाका म्हणून सांगितलं होतं. शेजारीच त्यांचं किराणा दुकान आहे, ते घर सांभाळायला तयार होते. जगदेवीनं त्यांना पाणी दिलं, चहा दिला आणि दुसऱ्या दिवशी स्वतः पट्टा चढवून डंका चालू केला. मला ती अक्का म्हणते. नाटकवाल्यांना वेळेवर जेवायची सवय नसते असं तिनं कुठून तरी ऐकलंय, म्हणून दुपार झाली की माझ्या दारात भाकरी येते. मी नको म्हटलं तर ती ऐकू न आल्यासारखं करते. डंक्याजवळ राहणाऱ्याला ही सोय असते.

तिची सून शिवकन्या निलंग्याची, इथं एका शाळेत लहान मुलांना शिकवते. दोन वर्षांमागं तिला दिवस गेले होते. तिसऱ्या महिन्यात जगदेवीच तिला हाताला धरून धनुर्वाताच्या सुईला घेऊन गेली आणि पुढच्याच आठवड्यात सगळं संपलं. सुईचा आणि त्याचा काही संबंध नाही, असं डॉक्टरांनी तेव्हाही समजावून सांगितलं. जगदेवी म्हणते, ते मी कानानं ऐकलं, पोटानं न्हाई. सुनेला तिनं कधी एका शब्दानं बोल लावला नाही. लावला तो स्वतःला, आणि तोही मनातल्या मनात.

यंदा शिवकन्येला पुन्हा दिवस गेले. पावसाळा सरत आला तशी गल्लीत तापाची साथ आली आणि सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर तनुजा यांनी तिला फ्लूची लस घे म्हणून सुचवलं. शिवकन्येच्या मनात ते होतंच. तिच्या शाळेतल्या एका बाईंना भरल्या दिवसांत फ्लू झाला होता आणि त्यांना लातूरला हलवून प्राणवायूवर ठेवावं लागलं होतं. बाई वाचल्या, बाळही वाचलं, पण त्यांना गाडीत घालताना शिवकन्या तिथं उभी होती. तिनं घरी येऊन सासूला सरळ सांगितलं, की मला ही सुई घ्यायची आहे. जगदेवी उठली. तिनं डंका चालू केला. आत मिरची नव्हती.

मग घरात पक्ष पडले. गुरुपादप्पांचं म्हणणं, पोटुशीच्या अंगात बाहेरचं काही घालू नये. त्यांच्या आईनं एकही सुई न घेता सात लेकरं काढली होती. जगदेवी स्वतः सुईच्या विरोधात होती, तरी हे तिच्यानं ऐकवलं नाही.

"काढली सात. वाचली किती ते बी सांगा की, भावजी."

शिवकन्येचा नवरा रुद्रेश मोबाईलवर कुणाचासा व्हिडिओ दाखवत फिरायचा. त्यातला दाढीवाला गृहस्थ अशा सुयांनी काय काय होतं ते हातवारे करून सांगायचा. शिवकन्येनं तो शेवटपर्यंत पाहिला आणि विचारलं, यांना कधी दिवस गेले होते का. त्यावर रुद्रेशनं मोबाईल खिशात घातला. मीही माझ्या परीनं एक स्वगत म्हणून पाहिलं, चढा आवाज लावून. जगदेवीनं सगळं ऐकून घेतलं.

"अक्का, तुमचा आवाज लई मोठा हाय," ती म्हणाली. "पर माझी भीती बहिरी हाय."

कुणी म्हणेल, शिवकन्या शिकलेली, दवाखाना हाकेवर, मग गेली का नाही एकटी? मी तिला हेच विचारलं. तेव्हा ती जे बोलली ते मी विसरणार नाही.

"त्यांच्या मनाविरुद्ध घेतली आन् काही झालं, तर आत्याबाई मला काहीच बोलणार न्हाईत, अक्का. तेच मला झेपणार न्हाई."

आठवा महिना लागला. लिंगायतांच्या घरी या महिन्यात एक विधी असतो. प्रत्येकाच्या गळ्यात चांदीच्या डबीत त्याचं स्वतःचं इष्टलिंग असतं, ती त्याची जन्माची सोबत. पण ते जन्मापर्यंत थांबत नाही. मूल पोटात असतानाच स्वामी घरी येतात आणि मुलाच्या नावचं इष्टलिंग आईच्या गळ्यात बांधतात. जगदेवीनं त्या दिवशी डंका धुऊन पुसून झाकला, दाराला तोरण लावलं. स्वामींनी विभूती लावली आणि शिवकन्येच्या गळ्यात तिच्या चांदीच्या डबीशेजारी दुसरी छोटी डबी आली.

त्याच आठवड्यात तपासणी होती. रुद्रेश कामावर, म्हणून जगदेवी निघाली आणि मला बरोबर घेतलं. दवाखान्यातली नर्स हिमायतनगरकडची, नवीन आलेली. रक्तदाब बघताना तिला त्या दोन डब्या दिसल्या आणि तिनं सहज विचारलं, एका माणसाला दोन कशाला?

"एक हिचं, एक बाळाचं," जगदेवी म्हणाली.

"पण बाळ तर अजून यायचंय."

"म्हणूनच की. आलेल्याला कुणी बी बांधंल. पोटातल्याला हात कुठं असत्यात बांधून घ्यायला? आईच्या गळ्यात बांधायचं, त्याला आपोआप पोचतंय."

आणि ती थांबली.

मी सगळं आयुष्य रंगभूमीवर काढलं म्हणून सांगते. एखादं वाक्य नट शेकडो प्रयोगांत म्हणतो आणि एके दिवशी ते त्याला स्वतःलाच ऐकू येतं. तेव्हा त्याचा चेहरा जसा होतो तसा जगदेवीचा झाला. डॉक्टर तनुजा टेबलाशी लिहीत होत्या. त्यांनी पेन उचललं, पण तोंड उघडलं नाही. अशी योग्य जागी गप्प बसणारी माणसं आमच्या कंपनीतही दुर्मिळ होती.

जगदेवीनं खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"आईला टोचली तर त्याला पोचती का? खरं सांगा."

डॉक्टर म्हणाल्या, पोचते. बाळाला सहा महिन्यांचं होईपर्यंत ही लस देता येत नाही. तोवर आईकडून जे मिळालं असेल तेवढंच त्याच्याजवळ असतं. मग जगदेवीनं विचारलं, काहीच त्रास होणार नाही असं पक्कं सांगता का? डॉक्टरांनी तसं सांगितलं नाही. दंड दुखेल, एखादा दिवस कणकण येईल, आणि लस घेतली म्हणजे फ्लू होणारच नाही असंही नाही. पण पोटुशीच्या तो जिवावर बेतू शकतो, ती भीती पुष्कळ कमी होते. सगळं गोडगोड सांगितलं असतं तर मी तिथूनच उठले असते, असं जगदेवी मला नंतर म्हणाली.

शेवटचा प्रश्न तिनं खाली बघून विचारला. "आन् मागल्या टायमाला?"

"ते सुईमुळं झालं नव्हतं," डॉक्टर म्हणाल्या. "आणि तुमच्यामुळं तर मुळीच नव्हतं."

जगदेवीचे डोळे लाल होते. पण त्या दिवशी सकाळपासून तिनं मिरचीला हात लावलेला नव्हता.

शिवकन्या तिच्याकडं बघत होती. जगदेवीनं डोळे पुसले. "माझ्या तोंडाकडं काय बघायलीस? दंड तुझा, लेकरू तुझं. घ्यायची तर घे." आणि मग जरा वेळानं, "दुसरा हात मी धरते."

तिनं तो धरलाही.

घरी गुरुपादप्पा ओट्यावरच बसले होते. कुणाला विचारून घेतली, हा त्यांचा सवाल. शिवकन्या उत्तर द्यायला लागली, तर जगदेवीनं तिला आत जायला सांगितलं.

"तिची तिनं घेतली. उद्या बोल लावायचा झाला तर तिला न्हाई, मला लावा, भावजी. जिम्मा माझा."

दुसऱ्या दिवशी शिवकन्येला खरंच कणकण आली. डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं, तरी घरातली हवा बदलली. रुद्रेश आत-बाहेर करत राहिला. गुरुपादप्पा दुकानातून दर थोड्या वेळानं खाकरत होते. जगदेवीनं डंका बंद ठेवला. मिरचीच्या पिशव्या घेऊन आलेल्या बायकांना तिनं सांगितलं, मशीन बरं आहे, मी बरी नाही. त्या दुपारी माझ्या दारात भाकरी आली नाही. मी खाली गेले तर ती सुनेच्या उशाशी बसलेली, एक हात तिच्या कपाळावर आणि दुसरा पोटावर, बाळ हालतंय का ते बघत. मी आयुष्यात केलेल्या सगळ्या सासवा त्या दाराशी आल्या आणि खाली मान घालून परत गेल्या.

सकाळी शिवकन्या उठली आणि आंबट वरण मागितलं. वरण खाल्लं, पुन्हा मागितलं. थोड्याच वेळात खाली डंका धडधडू लागला. मी पुष्कळ नांद्या ऐकल्या, गायल्याही. पण त्या सकाळच्या धडधडीइतकी गोड एकही नव्हती.

पुढं मुलगी झाली. थंडीत गल्लीत पुन्हा ताप फिरला, आमचं घर त्यातून वाचलं. सुईमुळं वाचलं असं जगदेवी म्हणत नाही. काय कशामुळं टळलं हे कुणी सांगावं, असं म्हणते आणि मिरची निवडत बसते. अशी सासू आमच्या कंपनीच्या मालकांना दाखवली असती तर त्यांनी विचारलं असतं, बाई, यात नाटक कुठं आहे?

बाळाच्या विधीला स्वामी आले. शिवकन्येच्या गळ्यातली छोटी डबी काढून त्यांनी ती बाळाच्या अंगावर घातली. गुरुपादप्पा तोरणाखाली उभे होते. समाधानानं म्हणाले, "चला, आईजवळचं होतं ते ज्याचं त्याला पोचलं."

जगदेवी बाळाचं टोपडं सारखं करत होती. "व्हय, भावजी," ती म्हणाली. "एक आज पोचलं. एक तर आधीच पोचलंय."

गुरुपादप्पा बाळाच्या गळ्यात दुसरी डबी शोधू लागले. शिवकन्येचा हात मात्र आपोआप आपल्या दंडाकडं गेला.