शेगडीची आखूड कॉइल

नव्वदच्या दशकात शिरड शहापूरला आमच्या विजेच्या शेगडीची कॉइल तुटली की सासूबाई जळका तुकडा काढून टोकं पिळून जोडायच्या. कॉइल आखूड व्हायची अन् शेगडी आणखी तापायची. त्या खूश. "जुनी झाली तशी कडक व्हायली!"

मी विज्ञान शिकलेली. माझंच डोकं तापलं. मीटर लावलं. दोनशे व्होल्ट, आठ अँपिअर. भागाकार केला, रोध पंचवीस ओहम. गुणाकार केला, सोळाशे वॅट. शेगडी मुळात हजाराची!

"आई, रोध घटला की वीज जास्त ओढते. अजून एक तुकडा काढलात तर फ्यूज जाईल," मी ठणकावलं.

पुढच्या वेळी त्यांनी काढलाच. शेगडी लालभडक झाली, थोड्या वेळानं फ्यूज गेला, पंखा थांबला.

"तुझं गणित बराबर हाय," कप माझ्यापुढं सरकवत त्या म्हणाल्या, "पन चहा त्याच्या आधी झाला."