बाजूला बसलेली पाहुणी

आमच्या लोकमान्य नगरात प्रमोदिनीइतकी भित्री बाई दुसरी नाही, आणि हे मी तिच्या तोंडावर सांगते. लग्न होऊन इंदूरला आले तेव्हापासूनची तिची शेजारीण आहे मी, तेवढा हक्क आहे माझा. गॅस बंद केला का, हे बघायला ती राजवाड्यापर्यंत पोचलेली रिक्षा परत फिरवायची. तिचे यजमान बाबूराव रेल्वेच्या ऑफिसात होते. ते हिची थट्टा करत आणि ती खपवून घेई. ते गेले तरी हिची भीती काही गेली नाही.

अशा बाईच्या घरी परदेशी मुलगी राहायला आली. प्रमोदिनीची सून क्षितिजा इंदूरलगतच्या राऊ गावातल्या एका कॉलेजात शिकवते. तिथल्या एका संस्थेच्या शाळेत चेक देशातून एक मुलगी स्वयंसेवक म्हणून येणार होती, पोरांना इंग्रजी शिकवायला, आणि तिला कुणाच्या तरी घरी राहायचं होतं. मागची खोली रिकामीच होती. क्षितिजाने हो म्हणून टाकलं आणि प्रमोदिनीची झोप उडाली. मुलीचं नाव एलिश्का. आम्ही सगळे एली म्हणायचो.

"वसुधा, परक्याची पोर गं," प्रमोदिनी मला म्हणाली. "तिला काही झालं तर तिच्या आईला मी काय तोंड दाखवू?"

मग काय, पाणी दोनदा उकळायचं. बाहेरची कापलेली फळं बंद, सराफ्यातली चाट बंद. एलीच्या डब्यावर झाकण आणि झाकणावर रुमाल. जगातली सगळी दुखणी फाटकाबाहेर उभी आहेत आणि आपण फाटक लावून घेतलं की झालं, असं तिला वाटायचं.

एली मात्र इतकी शहाणी पाहुणी होती की मला कधी कधी तिचा रागच यायचा. पाणी प्यायचं तरी विचारून पिणार. चप्पल भिंतीला चिकटवून ठेवणार. पानात टाकू नये असं प्रमोदिनीने एकदाच सांगितलं, तर पोरीने त्यानंतर ताटात शीतही ठेवलं नाही. आणि प्रमोदिनीचा आग्रह म्हणजे काय असतो ते आम्हांला ठाऊक आहे. नको म्हटलं की अर्धी पोळी, पुन्हा नको म्हटलं की उरलेली अर्धी. एली नको म्हणायचीच नाही. ज्या घरात राहाल त्या घरच्या रीतीने राहा आणि कुणाला त्रास देऊ नका, असं म्हणे या स्वयंसेवकांना निघताना शिकवलं होतं.

गौरी-गणपती जवळ आले तेव्हा प्रमोदिनीने क्षितिजाला बाजूला घेतलं. बाईच्या त्या चार दिवसांत स्वयंपाकघरात यायचं नाही, देवाकडे फिरकायचं नाही, हे एलीला समजावून सांग म्हणाली.

"आई, आजकल कौन मानता है ये सब?" क्षितिजा वैतागली. "मला तर लाज वाटते तिला सांगायला."

"देवाचं आहे बेटा. माझ्या जिवाला घोर नको. बस, इतकं कर."

क्षितिजाने सांगितलं. नेमकी गौरी जेवायच्या दिवशी एलीवर ती वेळ आली, तर ती आपणहून मागच्या खोलीत जाऊन बसली आणि दार लावून घेतलं. उंबऱ्याशी ताट ठेवायचं, तिने ते खोलीला लागून असलेल्या न्हाणीत घासून परत तिथेच ठेवायचं. प्रमोदिनी गल्लीभर कौतुक सांगत सुटली. आपल्या मुली ऐकत नाहीत आणि ही परमुलुखातली पोर बघा, म्हणे.

पितृपक्षात बाबूरावांची तिथी आली. दर वर्षी मी मदतीला जाते, तशी सकाळीच गेले. प्रमोदिनी सोवळ्यात होती. खीर आटत होती, अळूची भाजी शिजत होती, वड्यांचं पीठ भिजवलेलं होतं. गुरुजी दुपारी यायचे होते. मुलगा परेश पूजेचं सामान मांडत होता आणि क्षितिजा रजा टाकून घरी होती. मागच्या खोलीचं दार बंद होतं आणि उंबऱ्याशी स्वच्छ घासलेलं ताट पालथं होतं.

"एली शाळेत गेली?" मी विचारलं.

"नाही गं. बाजूला आहे. दोन-तीन दिवस झाले, खोलीतच आहे. बरंच झालं म्हणायचं, आज सोवळ्याचा स्वयंपाक."

मी वडे थापायला घेतले. एक थापला, दुसरा थापला आणि हात थांबला.

"प्रमोदिनी, गौरीला बाजूला होती ना ती?"

"हो."

"मग इतक्यात पुन्हा कशी?"

"होतं कधी कधी मागेपुढे. परवा बादलीत रक्ताचा कपडा भिजवलेला मी पाहिला ना न्हाणीत. म्हणून तर परेशला सांगितलं, तिकडे फिरकू नको. दारावरून विचारलं मी तिला, बरी आहेस का. आय ॲम ओके आजी, थँक्यू म्हणाली."

"कपडा कसला होता?"

प्रमोदिनीने खिरीतला डाव खाली ठेवला. आठवत होती. तिचा चेहरा उतरत गेला तो मला आजही दिसतो.

"उशीचा अभ्रा," ती म्हणाली.

खीर गॅसवर तशीच सोडून ती निघाली. गॅस बंद न करता प्रमोदिनी उठली, हे मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. मी गॅस बंद करून मागे धावले. दाराशी मात्र ती थबकली. अंगावर सोवळं, तिथी नवऱ्याची, आणि दारापलीकडे बाजूला बसलेली बाई. एक क्षणच थांबली असेल, पण त्या क्षणात मला तिला ढकलून द्यावंसं वाटलं. मग तिने कडी वाजवली. आतून आवाज नाही. पुन्हा वाजवली आणि खांद्याने दार लोटलं. आतून बोल्ट लावलेलाच नव्हता. इतके दिवस ते दार नुसतं लोटलेलं होतं.

एली भिंतीकडे तोंड करून पडली होती. ओठ पांढरे, नाकाखाली वाळलेलं रक्त, हातांवर लाल बारीक ठिपके. तिने डोळे उघडले, प्रमोदिनीची ती साडी पाहिली आणि घाबरून भिंतीकडे सरकली.

"नो, आजी. सोवळं," ती पुटपुटली. "डोन्ट टच. आजोबांचा दिवस आहे."

प्रमोदिनीने तिला दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरलं. "परेश!" अशी किंचाळली की समोरच्या घरातली माणसं बाहेर आली. "गाडी काढ! पोरीचे हात बर्फासारखे पडलेत रे!"

तिला घेऊन ते तिघे गेले. मी मागे राहिले, गुरुजींना परत पाठवलं आणि खोली आवरायला घेतली. कपाटात पिशवीत गुंडाळलेला डबा सापडला. त्यात पोळ्या होत्या, भाजी होती, भात होता, सगळं आंबलेलं. पानात टाकू नये म्हणून पोरीने गिळवत नसलेलं अन्न लपवलं होतं आणि उठवत नसताना ताट घासून ठेवलं होतं. मी तिथेच खाली बसले आणि रडले. खूप संतापही आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना.

डेंग्यू होता. ताप उतरला म्हणून एलीला वाटलं आपण बरे झालो, आणि खरा धोका तेव्हाच सुरू झाला होता. अंगदुखीवर तिने तिकडून आणलेल्या गोळ्या घेतल्या होत्या, त्यांनी रक्त वाहणं आणखी वाढवलं. प्लेटलेट खूप खाली होत्या. उद्यापर्यंत काही सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले.

संध्याकाळी मी दवाखान्यात गेले तेव्हा प्रमोदिनी त्याच साडीत बाकावर बसली होती. पदराला खीर सांडून वाळली होती. परेश फोनवर एलीच्या आईशी बोलत होता. पलीकडची बाई रडत नव्हती, फक्त एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होती.

"काय विचारतेय ती?" प्रमोदिनी म्हणाली.

क्षितिजाने खाली बघत सांगितलं, "आई, ती विचारतेय की घरात इतकी माणसं होती, तर कुणाला दिसलं कसं नाही."

प्रमोदिनीने माझा हात धरला आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टर बाहेर येईपर्यंत सोडला नाही. पोरगी वाचली.

दवाखान्यातून एली परत आमच्याच गल्लीत आली. आईने परत बोलावलं होतं, पण तिला शाळेतलं काम पुरं करायचं होतं. एलीला स्वयंपाकघरालगतची खोली दिली आणि प्रमोदिनीने परेशला सांगून तिथल्या दाराची कडी आणि बोल्ट दोन्ही काढून टाकले. तरी ती रात्री उठून पोरीच्या नाकाशी बोट धरून बघायची, असं क्षितिजा सांगते.

दिवाळीच्या फराळाला मी गेले होते तेव्हाची गोष्ट. एली ओट्याशी उभी राहून शंकरपाळ्या कापत होती. प्रमोदिनीने गरम चकली तिच्यापुढे धरली. एलीने चकलीकडे पाहिलं, मग प्रमोदिनीकडे.

"नको, आजी," ती म्हणाली.

तिच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होते. प्रमोदिनीचा हात तसाच राहिला.

"का गं? काय होतंय?"

"पोट दुखतंय." एली अडखळली. "ते महिन्याचं. सकाळपासून." तिचा हात शंकरपाळ्यांच्या पिठात होता. तो तिने काढला नाही, पण ती घाबरली होती, ते मला दिसलं.

पलीकडे देवापुढे समई लागलेली होती. प्रमोदिनीने एकदा तिकडे पाहिलं. मग चकली खाली ठेवली, हात पदराला पुसला आणि एलीच्या कपाळावर ठेवला.

"ताप नाही," ती म्हणाली. पुन्हा हात ठेवून पाहिलं. "नाही ना गं वसुधा? तू बघ."

मी बघितलं. कपाळ गार होतं. मी हात काढला आणि प्रमोदिनीने पुन्हा आपला ठेवला.